इमामसाबचा सत्कार

स्टेशन रोडला एका कापडदुकानाच्या माडीवर चन्नवीर मालकांचं 'मनशांती' होतं. म्हणायला हॉटेल, पण पाटीवर खाली बारीक अक्षरांत 'परमिट रूम' असं लिहिलेलं होतं आणि लोक त्या बारीक अक्षरांसाठीच जिना चढत. त्या काळी दारू प्यायची तर सरकारी परमिट लागायचं, आणि सरकार ते द्यायचं प्रकृतीच्या नावावर. या गृहस्थांना प्रकृती राखण्यासाठी मद्याची गरज आहे, असा त्या कागदाचा अर्थ. तेव्हा गावातले वकील, व्यापारी, प्रोफेसर रोज दिवेलागणीला तिथं जमत ते केवळ प्रकृतीपायी. एक पेग पोटात गेला की प्रकृतीचं काम संपायचं आणि मग सिगारेटी निघायच्या.

सिगारेटी निघाल्या की धूर होणार आणि धूर झाला की तो कुठंतरी जायला हवा. मनशांतीत तो कुठंच जात नसे. रस्त्याकडच्या सगळ्या खिडक्या मालकांनी खिळे मारून बंद केल्या होत्या आणि काचांना हिरवा रंग फासला होता. बड्या मंडळींना प्यायची लाज नव्हती, पिताना दिसायची होती. वरचा पंखा तोच धूर गरगर फिरवी आणि पुन्हा सगळ्यांच्या डोक्यावर आणून घाली.

त्या धुरात इमामसाब हेडवेटर म्हणून वावरत असे. मिसरूड फुटल्यापासून त्यानं दुसरा धंदा केला नव्हता. आधी साध्या चहाच्या हॉटेलात, मग खानावळीत, आणि माडीवर मनशांती निघाल्यावर इथं. स्वतः दारूचा थेंब त्यानं कधी ओठाला लावला नाही, पण कुणाच्या ग्लासात सोडा किती आणि पाणी किती हे त्याला त्या माणसाच्या बायकोपेक्षा जास्त ठाऊक. पांढऱ्या कोटाची इस्त्री मोडलेली त्याला खपत नसे. तोंडाचा फटकळ होता, हाताखालच्या वेटरांना शिव्या हासडायचा, आणि आपल्यावाचून मनशांतीचं पान हलत नाही असा त्याला पक्का समज होता. बिड्याही सपाटून ओढायचा. मोरीच्या दारात उभा राहून दोन झुरक्यांत बिडी संपवण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता.

मग त्याला दम्यानं गाठलं. पन्नाशी जवळ आली होती. ट्रे घेऊन चार टेबलं फिरला की छातीत पेटी वाजायला लागायची. एकदा जिन्यातच बसला, ओठ निळे पडले, आणि लोकांनी त्याला रिक्षात घालून डॉक्टरकडं नेलं. डॉक्टरांनी छातीचा फोटो काढला, क्षय नाही म्हणून ठासून सांगितलं आणि बिडी सोडायला लावली. इमामसाबनं सोडली. ज्यानं सोडली असेल त्यालाच त्यातली कळ ठाऊक. तरीही दोन महिन्यांनी छाती तशीच वाजत होती, तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, काम कुठं करतोस? त्यानं सांगितलं. डॉक्टर चिडलेच. म्हणाले, "तू सोडलीस, पण त्या सगळ्यांची तू ओढतोयसच की. असा धुरात राहिलास तर पुढच्या खेपेला माझ्याकडं आणू नका म्हणावं, थेट कबरस्तानात न्या."

घरी खातूनबी विड्या वळायची. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, शेजारी ओल्या फडक्यात गुंडाळलेली पानं, आणि बोटं यंत्रासारखी चाललेली. डॉक्टर काय बोलले ते तिनं ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवसापासून सूप उचलून अंगणात शेजाऱ्यांच्या भिंतीला टेकून बसायला लागली. उन्हाची तिरीप आली की सूप घेऊन सरकायची, ऊन आणखी पुढं आलं की आणखी सरकायची. तंबाखूची धूळ नवऱ्याच्या नाकात जायला नको. त्यासाठी तिनं सभा भरवली नाही की कुणाला विचारलं नाही.

इमामसाब मालकांकडं गेला. चन्नवीर मालक माणूस वाईट नव्हता, पण वाईटपणा घ्यायची त्याची तयारी कधीच नसे, आणि अशा चांगल्या माणसाइतका त्रास वाईट माणूससुद्धा देत नाही. इमामसाबनं आधी एवढंच मागितलं की खिडक्या उघडा. मालक दचकलेच. म्हणाले, खाली रस्त्यावरनं वकीलसाहेबांचे सासरे फिरायला जातात, प्रोफेसरांची पोरं ट्यूशनला जातात, खिडकी उघडली की उद्या माडीवर चिटपाखरू चढणार नाही. मग निदान सिगारेट बंद करा, इमामसाब म्हणाला. सिनेमात बंद हाय, तितं पाटी लावल्यात, लोक बसत्यात की तीन तास गप. पायजे तर जिन्यात जाऊन ओढू द्या.

मालकांनी डोकं खाजवलं. "आपल्या मनानं कसं करायचं बे, इमामसाब? गिऱ्हाईक म्हंजे देव. देवास्नी इचारू की."

आणि देवांना विचारायचं ठरलं.

शनिवारी संध्याकाळी मधली टेबलं जोडली. आपल्याकडं चार माणसं जमली की त्यांना अध्यक्ष लागतो. इथं होटगीकर वकील अध्यक्ष झाले. विषय मांडला गेला: मनशांतीत धूम्रपानास बंदी असावी की नसावी. विषय ऐकताच सगळ्यांनी एकेक सिगारेट पेटवली, कारण विचार करायचा तर हातात काहीतरी हवं. इमामसाब ट्रे घेऊन भिंतीला उभा राहिला. त्याला वाटलं, आपल्याला विचारतील, काय होतंय छातीला. त्यानं मनाशी चार वाक्यं जुळवूनसुद्धा ठेवली होती.

त्याला कुणी विचारलं नाही. होटगीकर वकील उठले आणि त्यांनी व्यक्तिस्वातंत्र्यावर भाषण केलं. आज सिगारेटवर बंदी आणाल, उद्या पानावर आणाल, परवा माणसानं श्वास कसा घ्यावा हेही ठरवाल, असं ते कडाडले. आणीबाणीचे दिवस होते. याच वकिलांचा एक सहकारी कोर्टाच्या पायरीवरून उचलून नेला होता, तेव्हा हे गृहस्थ तोंडात मिठाची गुळणी धरून बसले होते. शहरात सभेला बंदी, मोर्चाला बंदी, वर्तमानपत्राला कात्री, तेव्हा कुणाचं स्वातंत्र्य दुखलं नाही. सिगारेटला हात लागतोय म्हटल्यावर मात्र मनशांतीत एकाहून एक स्वातंत्र्यवीर जन्माला आले. इमामसाबला राजकारणातलं फारसं कळत नव्हतं, पण एवढं कळत होतं की जो श्वास कसा घ्यावा म्हणून वकील ओरडत होते, तो श्वास या खोलीत एका माणसाला घेताच येत नव्हता आणि तो माणूस त्यांच्या मागंच उभा होता.

मग महादेवप्पा उठले. त्यांचा सुताचा व्यापार, आवाज मोठा आणि हिशेब रोकडा. त्यांनी सांगितलं की निम्मं सोलापूर बिडीवर जगतं, घरोघर बाया विड्या वळतात, बिडी बंद झाली तर त्यांनी काय खायचं? कुणी म्हणालं नव्हतं की बिडी बंद करा. पण उचलली जीभ लावली टाळ्याला. आणि मग महादेवप्पा मागं वळले. "काय रं इमामसाब, तुजी बायकू बी बिड्याच वळती न्हवं? तिच्या पोटावर पाय दितूस व्हय?"

सगळे खो खो हसले. इमामसाबच्या कानशिलापासून मानेपर्यंत आग आग झाली. हे लोक विल्सच्या पाकिटातल्या सिगारेटी ओढत होते. खातूनबीनं वळलेली बिडी यांच्यापैकी एकाच्याही ओठाला कधी लागली नसेल, आणि तिच्या पोटाची काळजी हे करणार. त्याला सांगायचं होतं की जी वळते तीसुद्धा माझ्यासाठी सूप उचलून बाहेर अंगणात बसते. पण बोलायला तोंड उघडलं तोच आत धूर गेला आणि त्याला खोकल्याची उबळ आली. ट्रेवरचे ग्लास खणखणले. तो मोरीकडं पळाला.

परत आला तेव्हा प्रोफेसर मंद्रूपकर बोलत होते, आणि ते त्याच्या बाजूनं बोलत होते. इमामसाबला खरंच वाटेना. प्रोफेसर म्हणाले, समाजाचं ऋण असतं, दुर्बलांचा विचार करणारा तो सुसंस्कृत, एका श्रमिकाच्या छातीचा प्रश्न हा साऱ्या माणुसकीचा प्रश्न आहे. बोलता बोलता त्यांनी हातातली सिगारेट संपवली, तिच्यावरच दुसरी पेटवली आणि थोटूक विझवायला हात मागं केला. इमामसाबनं लगबगीनं ॲशट्रे पुढं धरला. टाळ्या पडल्या. मग ठरलं की प्रश्न गंभीर आहे, एका बैठकीत सुटण्यासारखा नाही, वकील, प्रोफेसर आणि महादेवप्पा यांची समिती नेमावी आणि पुढच्या शनिवारी निर्णय द्यावा.

तो आठवडा इमामसाब आशेवर जगला. खातूनबीला त्यानं प्रोफेसरांचं भाषण जमेल तसं म्हणून दाखवलं. ती सुपावरून मान वर न करता म्हणाली, "इत्ता बोले, फिर हातमें की सिगरेट बुझाए क्या?" त्याला राग आला. बाईला काय कळतं शिकलेल्या माणसाचं, असं तो म्हणाला आणि कोटाला इस्त्री करायला बसला.

शनिवारी संध्याकाळी तो माडी चढला आणि दारातच थबकला. खोलीत धूर नव्हता. मंडळी सगळी हजर होती, ग्लास भरलेले होते, पण एकाच्याही हातात सिगारेट नव्हती. ॲशट्रे रिकामे, धुऊन पुसून ठेवलेले. समोरची भिंत किती पिवळी पडली आहे हे त्याला पहिल्यांदाच स्वच्छ दिसलं. मधल्या टेबलावर पांढरा कपडा टाकला होता, त्यावर नारळ, हार, आणि घडी न मोडलेली लाल-निळी सोलापुरी चादर.

सोलापुरात चादर काही नुसती अंगावर घ्यायची नसते. पाहुणा आला की चादर, पोरगं पास झालं की चादर, निवडून आला की चादर. कुणाचं भलं झालं की गाव त्याला चादर पांघरतो, हे इमामसाब लहानपणापासून बघत आला होता. त्याच्या स्वतःच्या खांद्यावर ती कधी आली नव्हती. आता बिनधुराची खोली आणि टेबलावरची चादर त्यानं एकत्र पाहिली, आणि दोन अधिक दोन चार करायला त्याला कितीसा वेळ लागणार? त्याचे डोळे भरून आले. आपण या लोकांना उगाच मनात शिव्या दिल्या, असं त्याला वाटलं.

मालकांनी त्याला हाताला धरून पुढं आणलं आणि खुर्चीवर बसवलं. मनशांतीतल्या खुर्चीवर तो आयुष्यात पहिल्यांदा बसत होता. वकिलांनी हार घातला, महादेवप्पांनी खांद्यावर चादर टाकली, प्रोफेसरांनी हातात नारळ दिला. टाळ्या झाल्या. मग प्रोफेसर म्हणाले, सत्कारमूर्तींनी दोन शब्द बोलावेत.

इमामसाब उठला. जुळवलेली वाक्यं कुठल्या कुठं गेली. "साहेबलोक," तो म्हणाला, "मी अडानी मानूस. मला वाटलं, तुमी काय माजं ऐकनार न्हाय. पन तुमी माज्यासाटी एवढी तुमची आवडीची वस्तू सोडलासा. डाक्टरला जाऊन सांगतो मी. आता मी लई वरसं जगतो बगा. तुमाला मरंस्तवर सोडा देतो."

कुणी टाळी वाजवली नाही. महादेवप्पांनी वकिलांकडं पाहिलं, वकिलांनी प्रोफेसरांकडं, प्रोफेसर चष्मा पुसायला लागले. मालक तर मोरीकडं तोंड करूनच उभे राहिले. त्यातल्या एकालाही म्हणता आलं असतं, इमामसाब, खाली बस, तुझा गैरसमज झालाय. पण तसं म्हणायला लाज लागते, आणि लाज तर त्यांनी सगळी त्या हिरव्या काचांपाशी खर्च केलेली. शेवटी वकिलांनी घसा साफ केला, खिशातून कागद काढला आणि कोर्टात वाचावा तसा ठराव वाचला.

ठरावाचा सारांश असा. श्री. इमामसाब यांच्या प्रकृतीविषयी ही सभा तीव्र चिंता व्यक्त करते. धुरामुळे त्यांना होणारा त्रास सभेला पाहवत नाही. तरी त्यांच्या प्रकृतीच्या हिताकरता त्यांना उद्यापासून कामाच्या जाचातून सन्मानानं मुक्त करण्यात यावं. तसंच, खोकला हा सांसर्गिक असू शकतो व त्यानं ग्राहकांच्या स्वास्थ्यास बाधा येते, हे लक्षात घेऊन यापुढं मनशांतीत खोकणारा नोकर ठेवण्यास बंदी असावी. सूचक प्रोफेसर मंद्रूपकर, अनुमोदक महादेवप्पा. ठराव एकमतानं मंजूर.

आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. बंदी आली खरी, पण ती धुरावर नाही, खोकल्यावर आली.

इमामसाबला आधी शब्द नुसते ऐकू आले, अर्थ मागून आला. तो आला तेव्हा खांद्यावरची चादर त्याला इतकी जड झाली की ती त्यानं दोन्ही हातांनी ओढून काढली. वकील बोलतच होते, सभा संपली, सत्कारमूर्तींच्या मानार्थ मंडळींनी इतका वेळ संयम पाळला त्याबद्दल आभार. संयम पाळला, म्हणजे एवढा वेळ सिगारेट ओढली नाही. आता तेवढंही संपलं होतं. हात खिशांकडं जायला लागले.

"थांबा," इमामसाब म्हणाला. आवाज चढलेला नव्हता, पण हेडवेटरचा होता, आणि हात खिशातच थांबले. "मी आलो तवापास्नं कोन ओढलं न्हाय. पेग घेतलासा, बोललासा, हसलासा. मेलं का कोन? कुनाचं स्वातंत्र्य गेलं का? मला घालवायला जे जमलं, ते मला ठेवायला का जमत न्हाय तुमास्नी?"

रोज संध्याकाळी जगातल्या सगळ्या प्रश्नांवर मत असणारी ती माणसं, एका वेटरच्या प्रश्नावर एकालाही मत नव्हतं. प्रोफेसर म्हणाले, हे सगळं आम्ही तुझ्याच भल्यासाठी केलं. इमामसाबनं त्यांच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. त्यानं चादरीची घडी घातली, टेबलावर ठेवली, वर हार, शेजारी नारळ, सगळं टेबल लावताना ठेवायचा तसं नीट. आणि तो मालकांसमोर जाऊन उभा राहिला.

"मालक, मी उद्या येनार. रोजच्या टायमाला. नको असंन तर तुमी तोंडानं सांगा."

"आरं, ठरावात सगळं..." मालक पुटपुटले.

"ठराव त्यांचा. नोकर मी तुमचा हाय. चादर घालून न्हवं, तोंडानं सांगा. इमामसाब, तुला हाकललं, म्हना."

चन्नवीर मालकांनी आयुष्यात कुणाला तोंडावर नाही म्हटलं नव्हतं. त्यांनी गिऱ्हाइकांकडं पाहिलं. गिऱ्हाईक आपापल्या ग्लासाकडं बघत होतं. मालकांच्या कपाळावर घाम आला आणि इमामसाब हलला नाही. शेवटी मालक जमिनीकडं बघून म्हणाले, "उद्यापास्नं येऊ नगंस."

"हे एवढं म्हनाया तीन शिकलेल्या मानसांची समिती लागली," इमामसाब म्हणाला.

त्यानं पांढरा कोट उतरवला, खुर्चीच्या पाठीवर घातला आणि बनियनवरच तो दाराबाहेर पडला. जिन्याच्या पहिल्या वळणापर्यंत पोचतो न पोचतो तोच वर काड्यापेट्या वाजल्या, एकामागून एक, उपास सुटल्यासारख्या.

खाली स्टेशन रोडवर माणसांची ये-जा होती. टांगे चालले होते, कुणी फिरायला निघालं होतं, बनियनवरच्या माणसाकडं कुणी वळून पाहत होतं. इमामसाब फुटपाथवर उभा राहिला. थंडीचे दिवस, हवा स्वच्छ होती, आणि त्यानं घेतलेला श्वास थेट तळापर्यंत गेला. छाती वाजली नाही. कित्येक महिन्यांत असा श्वास त्यानं घेतला नव्हता. याच हवेसाठी तो मालकांकडं गेला होता, आणि ती आता त्याला हवी तेवढी मिळाली होती, दिवसभर, आठवडाभर, कामच नसल्यामुळं जन्मभर. त्या सुखाच्या श्वासाचा त्याला असा काही संताप आला की रस्त्यावर उभं राहून, वरच्या हिरव्या काचांकडं बघत, त्यानं तो सगळाच्या सगळा एका शिवीत सोडून दिला.